म्हातारपण तिचं, हिशेब यंत्राचा



१ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९० साली तो जाहीर केला आणि १९९१ पासून तो पाळला जातो. त्या दिवशी शाल-श्रीफळ होतं, नेत्रतपासणी शिबिर होतं, चार भाषणं होतात. आपल्या चळवळीत मात्र या दिवसाची फारशी दखल घेतली जात नाही. हुंडा, मारहाण, बलात्कार, परित्यक्तांची पोटगी, मालमत्तेतला वाटा हे प्रश्न घेऊन स्त्री-चळवळ चाळीस-पंचेचाळीस वर्षं लढली. त्या लढ्यातल्या पहिल्या फळीच्या कितीतरी जणी आता सत्तरीच्या पुढे आहेत. आपल्या केंद्रांवर तरुणपणी तक्रार घेऊन आलेल्या बायाही म्हाताऱ्या झाल्या आहेत. म्हणून हा अंक स्त्रियांच्या वार्धक्यावर काढायचं ठरलं. संपादकीयासाठी त्यातला जो धागा घेतला आहे, तो पहिल्यांदा ऐकताना आपल्यापासून फार लांबचा वाटेल. म्हाताऱ्या माणसांनी कुणाच्या आधाराविना जगावं यासाठी विद्यापीठांमधून 'बुद्धिमान' यंत्रांवर जे संशोधन चाललं आहे, त्याचा आणि कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो तिच्या महिन्याच्या पंधराशे रुपयांपर्यंत येऊन पोचला आहे.

आधी हे संशोधन काय आहे ते समजून घेऊ. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९९९ साली वार्धक्यावर काम करणारी खास प्रयोगशाळा सुरू झाली. युरोपातल्या अनेक देशांनी मिळून २००८ पासून वृद्धांना घरी राहायला मदत करणाऱ्या तंत्रज्ञानाचा मोठा कार्यक्रम चालवला. जपानमध्ये 'पारो' नावाचं सीलच्या पिल्लासारखं दिसणारं यंत्र तयार झालं. मांडीवर घेतलं, कुरवाळलं की ते आवाज करतं, डोळे मिटतं. २००५ पासून ते विकलं जातं. न्यूयॉर्क राज्याने २०२२ मध्ये आठशेहून अधिक एकट्या वृद्धांना 'एलीक्यू' नावाचं बोलकं यंत्र द्यायचं ठरवलं. याखेरीज पडल्यावर घरच्यांना कळवणारं घड्याळ, दार उघडलं की नोंद करणारा खटका, औषधाची आठवण करणारी डबी आहे. बोलण्यातल्या अडखळण्यावरून विस्मरणाची सुरुवात ओळखण्याचे प्रयोगही चालू आहेत. या सगळ्यांना 'बुद्धिमान' म्हणतात ते एवढ्यासाठी की ही यंत्रं हजारो नमुन्यांवरून स्वतः नियम शिकतात. साहजिकच, ज्यांचे नमुने दिले त्यांचं त्यांना जास्त कळतं आणि ज्यांचे दिले नाहीत त्यांचं कमी कळतं. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुढचं सगळं समजायला पुरेसं आहे.

सुरुवातीला हे क्षेत्र इंजिनियर आणि डॉक्टरांचं होतं. आता भाषा, इतिहास, समाजशास्त्र, नीतिशास्त्र या मानव्यविद्यांचे अभ्यासकही त्यात उतरले आहेत, आणि अवघड प्रश्न तेच विचारताहेत. जेम्स राईट या मानववंशशास्त्रज्ञाने जपानमधल्या एका वृद्धाश्रमात राहून तिथल्या यंत्रांचा अभ्यास केला. त्याचं पुस्तक २०२३ साली आलं. माणसाला उचलणारं यंत्र, मन रमवणारा पारो, व्यायाम घेणारा यंत्रमानव हे सगळं त्या आश्रमात आणलं होतं. काम हलकं व्हावं म्हणून आणलेल्या यंत्रांनी कर्मचाऱ्यांचं काम वाढवलं. ती हलवायची, पुसायची, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. आणि म्हाताऱ्या माणसांजवळ बसण्याचा वेळ त्यातूनच कापला जायचा. घरात मिक्सर आला, वॉशिंग मशीन आलं, तरी बाईचं काम संपलं नाही हे आपल्याला माहीत आहे. त्यामुळे राईटचा निष्कर्ष आपल्याला नवा वाटणार नाही. नवी आहे ती गोष्ट एवढीच, की यंत्राची किंमत मोजताना ते सांभाळणाऱ्या हातांचाही हिशेब कुणीतरी मांडला.

आता कळमन्याकडे येऊ. पूर्व नागपुरातलं हे कृषी उत्पन्न बाजार समितीचं आवार विदर्भातल्या मोठ्या बाजारांपैकी एक. धान्य, मिरची, कांदा-बटाटा, अंबिया आणि मृग अशा दोन्ही बहारांची संत्री इथे येतात. बाजाराभोवतीच्या वस्त्यांतल्या बाया या मालावर जगतात. कुणी सातऱ्यावर मिरचीचे देठ खुडते, कुणी संत्र्यांतला डागी माल वेगळा काढते, कुणी सांडलेलं धान्य झाडून, पाखडून घेते. यांतल्या बऱ्याच जणी साठीच्या पुढच्या आहेत. वय झालं म्हणून काम थांबत नाही. फक्त दिवसाला खुडलेल्या मिरचीचं वजन कमी होत जातं आणि त्याबरोबर मजुरीही. याच बाजाराच्या बाजूला पारडी, भरतवाडा, पुनापूर आणि भांडेवाडी हा नागपूरच्या स्मार्ट सिटीचा निवडलेला भाग. २०१६ मध्ये शहराची त्या योजनेत निवड झाली. शहराच्या चौकांतून साडेतीन हजारांहून जास्त कॅमेरे लागले. पोलिसांच्या तपासासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारी 'मार्व्हल' ही सरकारी कंपनी २०२४ मध्ये नागपुरातच सुरू झाली. २०२५ मध्ये जिल्ह्यातल्या सातनवरीला 'स्मार्ट इंटेलिजंट' गाव म्हणून पुढे आणलं गेलं. तेव्हा बुद्धिमान यंत्रं आपल्याकडे यायची आहेत असं समजण्याचं कारण नाही. ती आली आहेत. प्रश्न आहे तो म्हाताऱ्या बाईच्या वाट्याला त्यांतलं कोणतं यंत्र आलं, हा.

तिच्या वाट्याला मदत करणारं यंत्र आलेलंच नाही. तिच्या वाट्याला तपासणारं यंत्र आलं आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि पासष्टीनंतरची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना या दोन योजनांतून २०२३ पासून महिन्याला १५०० रुपये मिळतात. दिवसाचे पन्नास. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला केंद्राचा वाटा तर गेली पंधराहून अधिक वर्षं २०० रुपयांवर थांबला आहे. ऐंशी ओलांडली की ५००. एवढ्या रकमेसाठी तिला दर वर्षी आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि पैसे काढताना आपण आपणच आहोत हे अंगठ्याने पटवावं लागतं. वयाबरोबर बोटांची कातडी कोरडी होते, रेषा उथळ होतात. आयुष्यभर भांडी घासलेल्या, विटा उचललेल्या, मिरची खुडलेल्या बोटांवर त्या आधीच झिजलेल्या असतात. कळमन्यातली एक आजी म्हणाली, "माह्या बोटाचे ठसे मिरचीनं खाल्ले, बाई. मी जित्ती हाय हे मशीनले कोन सांगन?" तिचा अंगठा तीन वेळा उमटला नाही. केंद्रावरच्या मुलाने तिला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात बोटं बदलणार नव्हती. प्रत्येक खेपेला तिची अर्ध्या दिवसाची मजुरी आणि ऑटोचं भाडं गेलं.

यावर उपाय म्हणून चेहऱ्याची ओळख आली. सरकारी निवृत्तिवेतनधारकांसाठी 'जीवन प्रमाण' हा डिजिटल हयातीचा दाखला २०१४ मध्ये सुरू झाला होता. २०२१ मध्ये त्यात चेहरा दाखवून दाखला घेण्याची सोय झाली. ज्यांच्या हातात चांगला मोबाईल आहे, घरात उजेड आहे, जवळ नातवंड आहे, त्यांची सोय झाली हे मान्य करायला हवं. पण चेहरा ओळखणाऱ्या यंत्रालाही सगळे चेहरे सारखे दिसत नाहीत. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन स्त्री-संशोधकांनी २०१८ मध्ये तीन मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. समोरचा चेहरा स्त्रीचा की पुरुषाचा एवढंच ओळखायचं होतं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के निघालं. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं. ज्यांचे नमुने दिले त्यांचं जास्त कळतं, हे आधी म्हटलं ते इथे दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये इशारा दिला की वृद्धांचे नमुनेच नसले तर आरोग्यातली बुद्धिमान यंत्रं म्हातारपणाबद्दलचे समाजाचे पूर्वग्रह जसेच्या तसे गिरवतील. रंग, लिंग, वय आणि झिजलेलं शरीर या चारही गोष्टी एकाच बाईत एकत्र येतात तेव्हा काय होतं, हे आपल्या गावी कुणी मोजलेलं आम्हाला दिसलेलं नाही.

'लाडकी बहीण' योजनेचा अनुभवही ताजा आहे. ही योजना २०२४ मध्ये २१ ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी आली. म्हणजे पासष्टी उलटली की बहीण लाडकी राहत नाही. तिला दुसऱ्या योजनेच्या रांगेत नव्याने उभं राहावं लागतं. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. तिच्यात बाईच्या आधार क्रमांकाबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाईलवर येणारा ओटीपी मागितला गेला. जिचा नवरा वारला, वडीलही गेले, किंवा जिला नवऱ्याने वीस वर्षांपूर्वी टाकलं, तिने ओटीपी कुणाकडून आणायचा? पुढे अशा बायांसाठी वेगळी वाट काढावी लागली आणि मुदत वाढवावी लागली. पण एक बाई आधी कुणाची तरी बायको किंवा लेक असते आणि मगच नागरिक असते, हे मनूचं गणित यंत्राच्या पडद्यावर दोन रिकाम्या चौकटी होऊन उभं राहिलं, ते विसरता येत नाही. यंत्राने हे स्वतःहून ठरवलं नव्हतं. यंत्राला तसं सांगणारी माणसं होती.

म्हणून 'स्वावलंबी' या शब्दाकडेच नीट पाहू. प्रयोगशाळेतला स्वावलंबी वृद्ध म्हणजे स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशावर, दुसऱ्या कुणावर अवलंबून न राहता जगणारा माणूस. आपल्याकडच्या किती म्हाताऱ्या बायांना घर स्वतःच्या नावावर आहे? महाराष्ट्राने १९९४ मध्ये देशातलं पहिलं महिला धोरण आणलं, घरावर बाईचं नाव असावं ही मागणी चळवळीने त्याआधीपासून लावून धरली, तरीही वस्तीत फिरलं की उत्तर मिळतं, "घर पोराच्या नावानं हाय." मोबाईलचंही तेच. "मोबाईल हाय ना घरी, पण तो पोराजवळच रायते." साठीपुढच्या स्त्रियांत निम्म्याहून अधिक विधवा आहेत; पुरुषांत विधुर त्या मानाने फार कमी. बाई जास्त वर्षं जगते, पण नवरा गेल्यावर, कमाई नसताना, दुसऱ्याच्या घरात. कळमन्यातल्या बायांना आम्ही विचारलं की कुणाच्या आधाराविना जगणं म्हणजे काय. एकीनेही यंत्राचं नाव घेतलं नाही. औषधाला पोराकडे हात पसरावा लागू नये, पेन्शनचं पासबुक स्वतःच्या पेटीत असावं, रात्री बाहेर जायला लागलं तर संडास घरात असावा, आणि कुणी तरी दिवसातून एकदा बोलावं: ही त्यांची यादी. या यादीतल्या पहिल्या तीन गोष्टींना बुद्धिमान यंत्र लागत नाही. चौथीला माणूस लागतो.

मग संशोधन नकोच का? असं म्हणणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. संशोधनाने बाईला दिसतं केलं त्याचीही उदाहरणं आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हा आपला नेहमीचा आधार. बाईच्या हातात स्वतःचा मोबाईल आहे का, तिला मारहाण होते का, हे आपण तिथूनच सांगतो. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरत असलेला मोबाईल होता. पण हे प्रश्न विचारले जातात ४९ वर्षांपर्यंतच्या स्त्रियांना. मूल होण्याचं वय संपलं की बाई या आकड्यांतूनही संपते. नागपुरात कमलाताई होस्पेटांनी १९२१ साली मातृ सेवा संघ उभा केला. काम बाळंतपणापासून सुरू झालं, पण ते तिथे थांबलं नाही. त्याच संस्थेने पुढे वृद्धाश्रमही चालवला. बाईचं आयुष्य गर्भाशयाबरोबर संपत नाही, हे त्यांनी कामातून दाखवलं. सर्वेक्षणांना ते कळायला फार वर्षं लागली. मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने परदेशी विद्यापीठांच्या साथीने २०१७-१८ मध्ये 'लासी' ही वार्धक्याची मोठी पाहणी केली. पंचेचाळिशीपुढच्या बहात्तर हजार माणसांपर्यंत ती पोचली, आणि त्यांत एकतीस हजारांवर साठीपुढचे होते. घरात वृद्धांना वाईट वागणूक मिळते का, हा प्रश्नही तिने विचारला.

याच पाहणीच्या आधाराने स्मृतिभ्रंशाचा अभ्यास झाला आणि त्यात बुद्धिमान यंत्र प्रत्यक्ष वापरलं गेलं. सुमारे अडीच हजार वृद्धांची माहिती तज्ज्ञांनी तपासून कुणाला स्मृतिभ्रंश आहे ते ठरवलं. त्यावरून यंत्राला शिकवलं. मग एकतीस हजारांवर माणसांबद्दल यंत्राकडून अंदाज काढला. उत्तर आलं, साठीपुढच्यांत ८.४४ टक्के, म्हणजे एक कोटीवर माणसं. त्याच माहितीवरच्या २०२३ च्या दुसऱ्या अभ्यासाने ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख असा आकडा दिला. पद्धत बदलली की बारा लाखांहून अधिक माणसं इकडची तिकडे होतात. त्यातली एकेक बाई आपल्या वस्तीत राहते, तिला वेड लागलं म्हणून कोपऱ्यात बसवलेलं असतं, हे आकडा वाचताना ध्यानात ठेवायला हवं. दोन्हींतून एक गोष्ट मात्र पक्की दिसते: पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरापेक्षा खेड्यात आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत हा आजार जास्त. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या पुरुषांत ५९ टक्के साक्षर होते, स्त्रियांत २८ टक्के. म्हणजे पन्नास-साठ वर्षांपूर्वी पोरीला शाळेत न घालण्याचा निर्णय आज तिच्या आठवणीवर येऊन आदळतो. आपण मुलींच्या शिक्षणाची बाजू मांडताना लग्न, नोकरी, बाळंतपण यांबद्दल बोलत आलो. म्हातारपणीच्या बुद्धीबद्दलही बोलायला हवं, हे या अभ्यासाने शिकवलं.

याला दुसरी बाजूही आहे. स्मरण आणि बुद्धी तपासायची कशी? शंभरातून सात वजा करत जा, कागदावर एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा, दहा शब्द ऐकून परत सांगा. हातात कधी पेन्सिल न धरलेली बाई पंचकोनाशी अडते. तीच बाई किलोमागचा दर, दिवसाचं वजन, मुकादमाने कापलेले पैसे आणि उचल यांचा आठवड्याचा हिशेब तोंडी सांगते. अभ्यासकांना ही अडचण ठाऊक आहे. नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढला निरक्षर वृद्धांसाठी जी चाचणी बनवली, तिच्यात 'एक वाक्य लिहा' याऐवजी 'घराबद्दल काही सांगा' असं विचारलं. इच्छा असली की प्रश्न बदलता येतात. पण यंत्राला एकदा चुकीच्या प्रश्नांवर शिकवलं, की ते न कंटाळता लाखो बायांना तोच प्रश्न विचारत राहील.

भाषेचंही असंच. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने गूगलच्या मदतीने 'वाणी' हा प्रकल्प हाती घेतला आहे. देशाच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून सामान्य माणसांना चित्रं दाखवायची, त्यांना सुचेल ते त्यांच्या बोलीत बोलू द्यायचं आणि ते आवाज जमवायचे. पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत नागपूरही होतं. याचा अर्थ उद्या यंत्राला 'मले', 'तुले', 'काहाले' कळू शकेल. हे मोलाचं आहे, कारण आज सरकारी यंत्र बोलतं ते पुस्तकी मराठीत किंवा हिंदीत. पण ज्यांचे आवाज घेतले त्यांत दात पडलेल्या, थांबत थांबत बोलणाऱ्या किती म्हाताऱ्या होत्या? हा प्रश्न आपण विचारायचा.

असं काम मनापासून करता येतं याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमा झाल्या, हजारावर गावांतून. बर्नार्ड बेल या संगणक-अभ्यासकाने नव्वदच्या दशकात त्यांची संगणकावर मांडणी केली. २०१७ पासून 'परी' या संस्थेने त्या पुन्हा लोकांपुढे आणल्या, आणि तिच्या कार्यकर्त्या ओव्या गाणाऱ्या बायांकडे परत गेल्या. त्यांची नावं, त्यांचे फोटो, त्यांचं म्हणणं छापलं. त्याआधी १९८९ मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या वृद्ध स्त्रियांना गाठून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं. जुलै १९४२ मध्ये नागपुरात भरलेल्या दलित महिला परिषदेत पंचवीस हजार बाया होत्या, हे आपण अभिमानाने सांगतो, ते अशा आठवणी कुणीतरी वेळेवर टिपून ठेवल्या म्हणून. या दोन्ही कामांत म्हातारी बाई रोगी नव्हती, लाभार्थी नव्हती. तिला काही ठाऊक होतं आणि ते विचारायला कुणी आलं होतं. स्वावलंबनाच्या संशोधनाने इथून शिकावं.

आणखी एक धोका घरातला आहे. २०२४ च्या वेळेच्या वापराच्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला २८९ मिनिटं आणि पुरुष ८८ मिनिटं त्यासाठी देताना दिसले. १५ ते ५९ वयोगटात घरातल्या माणसांची सेवा-शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांची १४० मिनिटं, पुरुषांची ७४. सासूची सेवा सून करते, आणि सुनेच्या म्हातारपणी तिची सून. स्वावलंबनाचं यंत्र या साखळीला हात लावत नाही. ते फक्त मुलाला दूर राहून निश्चिंत व्हायची सोय देतं. पुण्यामुंबईत, परदेशात असलेली मुलं आईच्या खोलीत कॅमेरा लावतात. माया असेल, काळजीही असेल. पण आई पदर सोडून निवांत कधी बसेल, सुनेशी भांडण झालं तर शेजारणीशी मन मोकळं कुठे करेल, हे तिला कुणी विचारलेलं नसतं. आयुष्यभर बाप, नवरा आणि समाज यांच्या नजरेखाली वावरलेल्या बाईला शेवटच्या वर्षांत आणखी एक न मिटणारा डोळा नको आहे.

तेव्हा आपण काय मागायचं? यंत्राने नकार दिला म्हणून कुणाही बाईचं अनुदान एक दिवसही थांबता कामा नये. अंगठा किंवा चेहरा जुळला नाही तर अंगणवाडी सेविका, तलाठी किंवा वॉर्डातला कर्मचारी यांनी घरी येऊन खात्री करावी आणि नकाराचं कारण लेखी द्यावं. योजनेत आणलेलं प्रत्येक यंत्र वृद्ध, कष्टकरी, सावळ्या, निरक्षर स्त्रियांवर तपासावं आणि ते किती वेळा चुकलं ते वय, लिंग आणि कामानुसार जाहीर करावं. संशोधनासाठी संमती घ्यायची ती बाईची, मुलाची नव्हे, तीही तिच्या बोलीत समजावून. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नीतिनियम काढले आहेत, त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. त्यांचा आधार आपण घेतला पाहिजे. जिच्याकडून माहिती घेतली तिला निष्कर्ष परत जाऊन सांगावा. स्त्रियांच्या पाहण्यांनी ४९ ची वेस ओलांडावी. आणि अनुदानाची रक्कम महागाईशी जोडावी. पन्नास रुपयांत स्वावलंबन विकत मिळत नाही, यंत्र कितीही बुद्धिमान असो. २०१२ पासून अरुणा रॉय आणि बाबा आढाव यांनी पेन्शन परिषदेतून असंघटितांसाठी हीच मागणी लावून धरली होती.

मागण्यांना बळ येतं ते नोंदींनी. हुंडाबळींच्या वेळी आपण हेच केलं होतं. पोलीस 'स्टोव्ह भडकला' म्हणत होते तेव्हा आपण गावोगावच्या घटना वहीत उतरवल्या. आता प्रत्येक गटाने एक साधी वही घालावी. बाईचं वय, काम, योजना कोणती, यंत्राने नकार कधी दिला, अंगठा की चेहरा की ओटीपी, किती खेपा झाल्या, किती भाडं आणि किती मजुरी गेली, पैसे किती महिने अडले, आणि शेवटी कोणत्या माणसाने मार्ग काढला. नाव लिहायचं की नाही, हे ती ठरवेल. सहा महिन्यांत कळमन्यासारख्या दहा वस्त्यांच्या वह्या जमल्या, तर विद्यापीठातल्या संशोधकांना दाखवण्यासारखं आपल्याकडे काही असेल. समाजकार्य महाविद्यालयांतल्या मुलींना क्षेत्रकार्यात हे काम द्यावं, अशी विनंती आम्ही आमच्या ओळखीच्या प्राध्यापकांना केली आहे, तुम्हीही करा. वहीचा नमुना या अंकाच्या शेवटच्या पानावर छापला आहे.

या अंकात वृद्ध कार्यकर्त्यांच्या मुलाखती आहेत, पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याची सोप्या भाषेत माहिती आहे, आणि सुनांनी सासवांबद्दल, सासवांनी सुनांबद्दल लिहिलेली पत्रंही आहेत. आपल्या बैठकीत हे संपादकीय मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाच आधी बोलू द्या, आणि त्या जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत आम्हाला कळवा. पुढच्या अंकाची पहिली पानं त्यांच्यासाठी राखून ठेवतो आहोत.

— संपादक मंडळाच्या वतीने